सपरीतल्या पाखराच्या पंखांवर गोल काच: हा कोशाचाच पतंग आहे का, आणि त्याला शास्त्रीय नावे दोन का?

प्रश्न : धानबांधी

नमस्कार. मी गडचिरोली जिल्ह्यात आरमोरीच्या बाजूच्या एका खेड्यात शिक्षक आहे. परवा, पहिला मोठा पाऊस होऊन गेल्यानंतरच्या सकाळी, आमच्या सपरीतल्या लाकडी खांबावर एक भलेमोठे पाखरू पंख पसरून बसलेले दिसले. पट्टी लावून मोजले तेव्हा या टोकापासून त्या टोकापर्यंत सोळा सेंटिमीटर भरले. रंग पिवळा, पण हळदीत चिमूटभर राख मिसळावी तसा. चारही पंखांवर एकेक गोल डोळा असून त्याच्या मधोमध काचेसारखा पारदर्शक भाग आहे. मी जवळ जाऊन पाहिले तेव्हा त्यातून मागच्या लाकडाची रेष स्पष्ट दिसत होती. पोट इतके जड की हालचाल केली तरी ते जागचे हलत नव्हते. सध्या ते बांबूच्या टोपलीखाली झाकून ठेवले आहे.

वर्गातल्या मुलांनी पाहताक्षणी सांगितले, ‘गुरुजी, हे तर कोशाचे पाखरू.’ यांपैकी काहींच्या घरी येनाच्या (ऐनाच्या) झाडावर कोसा, म्हणजे टसर रेशमाचा कोश, घेतला जातो. माझ्या एका सहकाऱ्याने मात्र मोबाइलवर शोधून ते ‘ॲटलस पतंग’ असल्याचे जाहीर केले आणि फलकावर तसे लिहूनही टाकले. मुलांचे म्हणणे खरे असेल तर फलक पुसावा लागेल, आणि तो पुसताना कारण सांगता आले पाहिजे, म्हणून येथे विचारतो.

टसरच्या पतंगाचा वंश अँथेरिया आहे एवढे मला ठाऊक आहे. पण हा वंश इतर मोठ्या पतंगांपासून नेमक्या कोणत्या खुणांवरून वेगळा काढतात? दुसरे असे की, माझ्याकडच्या एका पुस्तकात टसरच्या पतंगाचे नाव अँथेरिया पाफिया असे आहे, तर रेशीमविषयक पुस्तिकेत अँथेरिया मायलिटा असे आहे. हे दोन वेगळे पतंग समजायचे की एकच? आसामचा मुगा रेशमाचा पतंग याच वंशातला असल्याचेही वाचले आहे; तसे असेल तर तोही टसरच म्हणायचा का?

उत्तर १ : रातवा

गुरुजी, तूर्त एवढेच तपासा की पारदर्शक भाग गोल आहे की त्रिकोणी. ॲटलसच्या पंखावरची खिडकी त्रिकोणी असते आणि तिच्याभोवती डोळ्यासारखी वर्तुळे नसतात. शिवाय त्याच्या पुढच्या पंखाचे टोक बाहेर वाढलेले असून बाजूने पाहिले तर सापाच्या फण्यासारखे दिसते. तुम्ही ‘गोल डोळा’ लिहिले आहे, तेव्हा फलक पुसायला हरकत नाही असे मला वाटते. बाकीचे जाणकार सांगतीलच.

उत्तर २ : पंखखवले

पंखावरचा डोळा सगळ्यांच्या आधी नजरेत भरतो आणि बहुतेक लोक तेथेच थांबतात. मी मात्र असा पतंग हाती आला की आधी मिशा पाहतो. शास्त्रीय मराठीत त्यांना शृंगिका म्हणतात, पण येथे मिशा म्हटल्याने काही बिघडत नाही. सॅटर्निडी या कुलातल्या नराच्या मिशीच्या प्रत्येक पेराला साधारणपणे दोन्ही बाजूंना दोन-दोन फांद्या असतात, त्यामुळे ती दाट पिसासारखी दिसते. अँथेरियाच्या नरात हे पीस विशेष रुंद असते, नेच्याच्या कोवळ्या पानासारखे. मादीत ते अरुंद आणि आखूड फांद्यांचे असते. मादी बसल्या जागेवरून गंध सोडते आणि नराला तो अंधारात, दुरून, वाऱ्यावर पकडायचा असतो, म्हणून हा पसारा त्याच्याकडे असतो. तुमच्या पाखराचे पोट जड आहे आणि रंग पिवळा आहे, तेव्हा ती मादी असावी. मिशा अरुंद आहेत का ते टोपली उचलून पाहून घ्या.

दुसरी खूण तोंडाची. फुलपाखराच्या तोंडाशी घड्याळाच्या कमानीसारखी गुंडाळलेली सोंड असते, ती येथे वाढलेलीच नसते. हे पतंग पंख फुटल्यावर काहीही खात-पीत नाहीत; अळी असताना साठवलेल्या चरबीवर आठवडाभर जगतात आणि त्या मुदतीत जोडी जमवून, अंडी घालून मरतात. म्हणून टोपलीखाली साखरपाणी ठेवले असल्यास काढून घ्या, तिला त्याचा उपयोग नाही आणि मुंग्या मात्र येतील. तिसरी खूण पाहायला भिंग लागते. बहुसंख्य पतंगांत मागच्या पंखाच्या बुडाशी एक राठ केस किंवा केसांचा झुबका असतो आणि तो पुढच्या पंखाखालच्या आकड्यात अडकून दोन्ही पंखांना उडताना एकत्र ठेवतो. सॅटर्निडीमध्ये तो नसतो. मागच्या पंखाचा बुडाकडचा भाग पुढे रुंद होऊन पुढच्या पंखाखाली सरकतो आणि तेवढ्यावर काम भागते.

आतापर्यंतच्या तिन्ही खुणा कुलाच्या झाल्या. वंशाच्या खुणा पंखांवर आहेत. अँथेरियात चारही पंखांवर एकेक गोल डोळा असतो. मध्यभागी खवले नसलेली पारदर्शक खिडकी आणि तिच्याभोवती पिवळसर, तांबूस, काळसर अशी वर्तुळे, कुठे अर्धी तर कुठे पूर्ण. पुढच्या पंखाच्या वरच्या कडेने राखाडी पट्टा जातो आणि मानेमागच्या तशाच राखाडी पट्टीला मिळतो, त्यामुळे पंख पसरून बसलेला पतंग वरून पाहिला की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत राखाडी दोरी ताणल्यासारखी वाटते. छायाचित्रात लोक डोळ्यावरच नजर लावतात आणि ही दोरी सुटून जाते; मला तरी ती फार उपयोगी पडली आहे. नराच्या पुढच्या पंखाचे टोक विळ्यासारखे वळलेले असते, मादीचे तेवढे नसते.

आता गफलत कशाशी होते ते पाहू. ॲटलसचे उत्तर वर आलेच आहे. त्याच्याच उपगटातल्या सामियाच्या, म्हणजे एरी रेशमाच्या पतंगाच्या पंखावरची खूण गोल नसून चंद्रकोरीसारखी असते. विदर्भाच्या रानात दिसणारा चंद्रपतंग, ॲक्टियस सेलेनी, फिकट पोपटी असून त्याच्या मागच्या पंखांना लांब शेपट्या असतात. त्याला अँथेरिया समजण्याचे कारण नाही, परंतु दोघांच्या अळ्या हिरव्या आणि जाड असल्यामुळे अळीच्या वयात गोंधळ होतो. दिव्यावर येणारे काही मोठे काळपट तपकिरी पतंग पुढच्या पंखांवर डोळा घेऊन येतात आणि नवख्याला फसवतात. त्यांच्या डोळ्यात खिडकी नसते, मिशा धाग्यासारख्या असतात आणि सोंड चांगली वाढलेली असते. ते या कुलाचेच नव्हेत.

रंगावर मात्र विसंबू नये. टसरचे नर बहुधा विटकरी-तपकिरी आणि माद्या पिवळ्या किंवा राखाडी असतात हे खरे, पण एकाच मादीच्या अंड्यांतून दोन्ही रंगांच्या माद्या निघू शकतात. निव्वळ रंगाच्या फरकावरून पूर्वी बरीच नावे ठेवली गेली आणि पुढे ती रद्द करावी लागली.

उत्तर ३ : जुनी वही

वरील उत्तर नेमके आहे. मी वर्गीकरणाचे आणि नावांचे तेवढे सांगतो.

आधी शब्दांचा एक घोळ मिटवू. वर्तमानपत्रे ‘प्रजाती’ हा शब्द कधी एका अर्थाने तर कधी दुसऱ्या अर्थाने वापरतात. येथे वंश म्हणजे नावाचा पहिला शब्द आणि जाती म्हणजे दोन्ही शब्द मिळून, असे धरतो. अँथेरिया हा वंश ह्युबनर यांनी १८१९ मध्ये स्थापिला. खवलेपंखी गण, त्यात तुतीच्या रेशमाच्या पतंगालाही सामावून घेणारे मोठे अधिकुल, त्यात सॅटर्निडी हे कुल, अशी उतरंड आहे. तुतीचा बॉम्बिक्स मोरी या कुलात नसून शेजारच्या बॉम्बिसिडी कुलात आहे, त्यामुळे टसर आणि तुती हे चुलतभाऊ म्हणता येतील, सख्खे नव्हेत. ॲटलस आणि एरी सॅटर्निडीतच आहेत, पण त्यांचा उपगट निराळा. म्हणजे आपल्या सहकाऱ्यांनी कुल बरोबर गाठले आणि वंश चुकविला. मोबाइलच्या मानाने हे काही वाईट नाही.

या वंशाचा पसारा मुख्यतः भारतापासून आग्नेय आशियाच्या बेटांपर्यंतच्या उष्ण प्रदेशात आहे. परंतु काही जाती थंडीत गेल्या आहेत. चीनचा पेर्नयी आणि जपानचा यामामाई ओकच्या पानांवर वाढतात, तर पॉलिफेमस थेट उत्तर अमेरिकेत राहतो. आपल्याकडे मध्य भारतात टसर, आसामात मुगा आणि हिमालयाच्या उतारांवर ओकवर वाढणारा रॉयलीयी.

आता पाफिया आणि मायलिटा. प्राण्यांच्या नावांचा हिशेब लिनियस यांच्या १७५८ च्या ग्रंथापासून सुरू होतो, त्याच्या आधीचे कोणतेही नाव धरले जात नाही. पाफिया हे नाव त्याच १७५८ च्या ग्रंथातले आहे. मायलिटा हे नाव ड्रुरी यांनी १७७३ मध्ये दिले. नियम असा आहे की एकाच जातीला दोन नावे पडली असतील तर जुने चालते आणि नवे मागे पडते. म्हणून जे दोन्ही एकच मानतात ते पाफिया लिहितात. रेशीम-संशोधनाच्या दुनियेत मात्र मायलिटा इतके रुळले आहे की पुस्तिका, अहवाल, अंडीपुंजांच्या नोंदी सगळीकडे तेच आढळते. तुमच्या दोन्ही पुस्तकांत वेगवेगळ्या पतंगांची माहिती आहे असे समजू नका. मध्य भारतातल्या ऐन-अर्जुनावरच्या टसरबद्दल बोलताना दोन्ही लेखक त्याच प्राण्याविषयी लिहीत आहेत.

मुग्याच्या बाबतीतही हेच झाले आहे. रेशमाच्या जुन्या पुस्तकांत तो अँथेरिया असामा या नावाने येतो, पण हेल्फर यांनी १८३७ मध्ये दिलेले असामेन्सिस हे नाव त्याच्याही आधीचे, म्हणून आता तेच योग्य मानतात.

थोडे विषयांतर करतो. पाफिया म्हणजे सायप्रस बेटावरच्या पाफोस येथील ग्रीक देवी ॲफ्रोडाइटी, आणि असीरियन लोक त्याच देवीला मायलिटा म्हणत असे ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने लिहून ठेवले आहे. एकाच पाखराला दोन नावे पडली, आणि तीही एकाच देवीची निघाली.

मुगा टसर आहे का, याचे उत्तर कोणत्या अर्थाने विचारता त्यावर आहे. वंश तोच. पण अनेक अभ्यासक या वंशात उपवंश पाडतात आणि मुग्याला अँथेरिऑप्सिस या वेगळ्या उपवंशात ठेवतात. गुणसूत्रे पाहिली तर अंतर आणखी जाणवते. जननपेशीत टसरची गुणसूत्रे ३१, जपानच्या यामामाईचीही ३१, रॉयलीयीची ३०, चीनच्या पेर्नयीची ४९ आणि मुग्याची अवघी १५. इतक्या तफावतीचे प्राणी एका वंशात कसे, असा प्रश्न माझ्याही मनात आला होता. याचे उत्तर असे की संख्या बदलली म्हणजे मजकूर तेवढाच बदलला असे होत नाही; गुणसूत्रे तुटतात, एकमेकांना चिकटतात आणि मोजणी बदलते. याचा ढळढळीत पुरावा म्हणजे ४९ वाला पेर्नयी आणि ३० वाला रॉयलीयी यांचा भारतात संकर केला गेला, त्याची पिल्ले वांझ निघाली नाहीत, आणि प्रॉयलीयी या नावाने तो ओक-टसर मणिपूरसारख्या राज्यांत पाळलाही जातो. दोन जातींचा संकर वांझ असतो ही शाळेत शिकवलेली व्याख्या या ठिकाणी लंगडी पडते. गुरुजी, हे वर्गात सांगायचे की नाही ते तुम्ही ठरवा.

जातीच्या आतली वाटणी आणखी गुंतागुंतीची आहे. टसरच्या जागोजागच्या वाणांना रेशीम-संशोधक परिसर-वंश म्हणतात (यातला ‘वंश’ वरच्या अर्थाचा नव्हे). झारखंडातला डाबा, बस्तरच्या सालवनातला रैली आणि आपल्याकडचा भंडारा ही त्यांतली ठळक नावे. कोशाचा आकार, रंग, वर्षातल्या पिढ्यांची संख्या आणि आवडते झाड यांत ते वेगळे आहेत, पण एकमेकांशी त्यांची जोडी जमते, म्हणून वर्गीकरणात त्यांना स्वतंत्र जातीचा मान नाही.

प्रश्न : धानबांधी

सर्वांचे आभार. मिशा पाहिल्या, अरुंद आहेत, म्हणजे मादीच. राखाडी दोरीही दिसली, आणि ती आधी माझ्या नजरेतून पूर्ण सुटली होती. एक शंका राहते. पतंग वर्षातून मोजके दिवस दिसतो. मुलांना रानात तो दाखवता आला नाही तर नुसत्या कोशावरून वंश ओळखता येईल का?

उत्तर ४ : कोसेकरी

गुरुजी, येईल. वरच्या दोन्ही भाऊंनी पुस्तकातले नीट सांगितले आहे, पण कोशाकडे कोणी वळले नाही म्हणून लिहितो. आमच्या घरी तीन पिढ्यांपासून येनावर कोसा घेतो.

टसरचा कोसा ओळखायचा तो देठावरून. अळी मोठी झाली, चौथ्यांदा कात टाकून पाचव्या अवस्थेत भरपूर खाऊन झाली, की खाणे सोडते आणि दोन-तीन पाने धाग्याने ओढून आडोसा करते. मग ती फांदीवर चढते आणि फांदीभोवती धाग्याचे कडे घालते. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा, इतके की ते कडे वाळल्यावर नखाने निघत नाही. त्या कड्यापासून खाली देठ विणते आणि देठाच्या टोकाला कोसा. पानगळीत येनाची सगळी पाने झडतात, आडोशाची पानेही झडतात, पण कोसा फांदीला लोंबतच राहतो. उन्हाळ्यात उघड्या येनावर लिंबोणीच्या फळाएवढे काहीतरी लटकलेले दिसले तर जवळ जा आणि कडे शोधा. कडे, देठ आणि सर्व बाजूंनी बंद असलेले कडक कवच, तिन्ही मिळाले की दुसरे काही असूच शकत नाही. मुगा याच वंशातला असला तरी त्याच्या कोशाला असा दणकट देठ नसतो. एरीचा कोसा एका टोकाला उघडाच असतो, म्हणून त्याचा सलग धागा निघत नाही, कापसासारखा कातावा लागतो. चंद्रपतंगाचा कोसा पातळ, कागदासारखा, पानात गुंडाळलेला, आणि पानाबरोबर जमिनीवर येतो.

अळीचे वरती आले नाही तेही सांगून टाकतो. येनाच्या पानासारखी हिरवी, बोटापेक्षा जाड, अंगावर गाठी आणि त्यांवर विरळ केस. बाजूला चांदीच्या टिकल्यांसारखे चकाकणारे ठिपके असतात. सकाळचे ऊन तिरपे आले की तेच आधी चमकतात आणि अळी सापडते. हात लावला की डोके वर उचलून निपचित बसते. ठिपक्यांची संख्या अळीगणिक बदलते, म्हणून त्यांवरून जात ठरवू नका.

आता बंद कोशातून पतंग बाहेर कसा येतो, हे मुले विचारतीलच. आत दात नाहीत, सोंड नाही. पतंग तोंडाजवळून एक पाझर सोडतो, त्याने देठाकडच्या बाजूचा डिंक विरघळतो, धागे सुटे होतात आणि तो डोक्याने ते बाजूला सारून निघतो. या पाझरातल्या द्रव्याला कोकूनेज म्हणतात. धागे बहुतेक तुटत नाहीत, फक्त सरकतात, पण भोकाच्या कोशाचा सलग धागा काढणे कठीण होते हे खरे. माझ्याकडून एका व्यापाऱ्याने एकदा देठाकडे नुसता ओला डाग असलेले, भोक न पडलेले कोसेही भोकाच्या भावात लावले. मी त्याच्यासमोर एक कोसा उकळून सलग धागा काढून दाखविला, तरी त्याने भाव वाढविला नाही. तेव्हापासून बियाण्याचे कोसे मी आधीच वेगळे काढून माळा करून टांगतो आणि बाकीचे पतंग निघण्याच्या कितीतरी आधी विकून मोकळा होतो.

तुमची मादी पहिल्या पावसानंतर आली याचेही कारण आहे. हिवाळ्याच्या तोंडावर तयार झालेल्या कोशातला जीव उन्हाळाभर झोपून राहतो आणि हवेत ओल आली की निघतो. ती अजून जोडी न जमलेली असेल तर आज रात्री टोपली सपरीतून काढून अंगणात, मोकळ्या वाऱ्यावर ठेवा. दिवा लावू नका. जवळच्या रानात एखादा नर असेल तर तो येईल.

प्रश्न : धानबांधी

कोसेकरी भाऊंनी सांगितल्याप्रमाणे काल रात्री टोपली अंगणात तुळशीच्या ओट्यावर ठेवली आणि बाहेरचा दिवा बंद केला. अकरापर्यंत जागलो, काही आले नाही. पहाटे पाचला पाहिले तर टोपलीच्या बाहेरच्या बाजूला विटकरी रंगाचा, मादीपेक्षा थोडा लहान, पंखाची टोके वळलेली असा नर चिकटून बसला होता आणि बांबूच्या विणीच्या फटीतूनच दोघांची जोडी जुळली होती. शाळेची वेळ झाली तरी ती सुटली नाही, म्हणून टोपली तशीच अलगद उचलून वर्गात नेली.

मुलांना आधी काहीही न सांगता दोघांच्या मिशा काढायला लावल्या. सातवीतल्या एका मुलीने नराची मिशी काढून झाल्यावर खाली लिहिले, ‘नेच्याचे पान’. हे शब्द तिला मी सांगितले नव्हते. सहकारी शिक्षकही वर्गात येऊन उभे राहिले, खिडकीचा आकार बोटाने हवेत काढून पाहिला, आणि फलक त्यांनी स्वतःच पुसला.

जोडी संध्याकाळी सुटली, नर उडून गेला. मादीने रात्रीतून टोपलीच्या तळाशी अंडी घालायला सुरुवात केली आहे. आज सकाळी एकशे बारा मोजली. ती तपकिरी चिकट द्रवाने माखलेली होती. एक पाण्याने धुऊन पाहिले तर फिकट पिवळे, चपटे निघाले आणि त्याच्या कडेने दोन तपकिरी रेषा समांतर गेलेल्या दिसल्या. शाळेमागे येनाची तीन झाडे आहेत. अळ्या निघायला आठ-दहा दिवस लागतात असे मुले सांगतात. त्या निघाल्यावर पहिल्याच दिवशी झाडावर सोडाव्यात की काही दिवस घरात कोवळ्या पानांवर ठेवाव्यात, एवढे कोसेकरी भाऊंनी सांगावे.

उत्तर ५ : कोसेकरी

कोवळ्या फांद्या कापून पाण्याच्या मडक्यात उभ्या करा आणि मडक्याचे तोंड कापडाने बांधा, नाहीतर अळ्या उतरून पाण्यात पडतात. पहिली कात टाकेपर्यंत आत ठेवा, मग झाडावर सोडा. झाडाच्या बुडाशी राख टाका. मुंग्यांइतका शत्रू त्या वयात दुसरा नाही.